छप्पर बदलताना: ‘तेच घर’ म्हणजे नेमकं काय?



आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, “सर, आत्म्याचं अमरत्व झालं, इच्छास्वातंत्र्य झालं, आणि आता घराच्या छपराची परवानगी? मालिका भरकटली की काय?” आम्ही म्हटलं, ये आणि ऐक. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण ‘तेच’ या शब्दाने आम्हाला खरा घाम फोडला तो वर्गात नव्हे, वॉर्ड ऑफिसातल्या टेबलासमोर. त्या टेबलावर आम्हाला काय कळलं, ते आज सांगायचं आहे.

घर जुनं आहे. छप्पर गळतं. ते काढून नवं घालायचं आहे. याला परवानगी लागते का? सामान्य माणूस म्हणतो, “घर तेच, जागा तीच, माणसं तीच. नुसतं छप्पर बदलतोय.” कायदा यावर उलट विचारतो, “छप्पर बदलल्यावर घर तेच राहील का?” सगळा विषय या उलट्या प्रश्नात आहे.

शाकारणी आणि ग्रीकांचं जहाज

तुमच्यापैकी ज्यांचं लहानपण कौलारू घरात गेलं, त्यांना शाकारणी आठवत असेल. मे महिना संपत आला की माणूस आढ्यावर चढायचा. फुटकी कौलं काढायची, धड कौलं खालून वर द्यायची, किडलेली रीप बदलायची, एखादा वासा बदलायचा. दरवर्षी शे-पन्नास कौलं नवी. तीस वर्षांत मूळचं एकही कौल उरलं नसेल. तरी कोणी म्हणायचं नाही की अमक्यांनी नवं घर बांधलं. घर तेच.

प्लूटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज आठवण म्हणून जपलं. फळ्या कुजत गेल्या तशा नव्या बसवत गेले. मग तत्त्वज्ञांत वाद सुरू झाला, हे तेच जहाज की दुसरं? सतराव्या शतकात हॉब्जने त्यात आणखी एक पेच घातला. काढून टाकलेल्या सगळ्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचंच जहाज पुन्हा जोडलं, तर खरं जहाज कुठलं? हा पेच लक्षात ठेवा. तो आमच्या परसात कौलांच्या रूपाने रचून ठेवला होता, तिथे आपण नंतर येऊ.

आपल्याकडेही हा वाद जुना आहे. मिलिंद राजाला नागसेन विचारतो, रथ म्हणजे काय? आस? चाकं? जू? बौद्धांचं म्हणणं, ‘रथ’ हे व्यवहारापुरतं नाव आहे. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. अवयवी अवयवांहून वेगळा आहे, असं ते म्हणतात. आणि गंमत बघा, एक जरी अवयव गेला तरी जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो, इतके ते कडक. त्यांच्या हिशेबाने प्रत्येक शाकारणीला नवं घर! नैयायिक पालिकेत अधिकारी असते तर एक कौल बदलायलाही अर्ज करावा लागला असता. (हशा)

पण हसण्यावर नेऊ नका. कुठेतरी रेष मारावी लागते. ती कायद्याने कुठे मारली आहे, ते बघू.

रेष कुठे आहे

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ सालचा. त्यातलं कलम ३४२ सांगतं की इमारतीत भर घालायची असेल, फेरबदल करायचा असेल, तर आयुक्तांना आधी नोटीस द्या. पण ‘राहण्याजोगी ठेवण्यासाठीच्या दुरुस्त्या’ त्यातून वगळल्या आहेत. कुठल्या, त्याची यादी आहे. गिलावा, रंग, फरशी बदलणं, न्हाणीघर-संडासाची दुरुस्ती, नळ, विजेची जोडणी. आणि यादीतली शेवटची बाब आहे ‘त्याच साहित्याने छप्पर बदलणं’.

म्हणजे कौलाच्या जागी कौल घाला, परवानगीची गरज नाही. शाकारणी कायद्याने मान्य केली.

पण तिथेच दुसरी यादी आहे, काय दुरुस्तीत मोडत नाही याची. बांधकामाची आडवी-उभी मापं बदलणं. भार पेलणाऱ्या भिंती किंवा मुख्य आधार काढणं, बदलणं. जोतं खाली घेणं. पोटमाळा घालणं किंवा वाढवणं. आणि उतरतं छप्पर सपाट करणं, किंवा वेगळ्या साहित्याने दुरुस्त करणं.

मुंबईबाहेर या. तिथे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ लागतो. त्याचं कलम ४३ म्हणतं की लेखी परवानगीशिवाय विकास करायचा नाही. पण जे काम फक्त आतल्या भागापुरतं आहे, किंवा ज्याने इमारतीचं बाह्य रूप फारसं बदलत नाही, अशा देखभालीला परवानगी लागत नाही. आणि केंद्र सरकारने २०१६ साली जे आदर्श बांधकाम उपविधी राज्यांपुढे ठेवले, त्यांत ‘त्याच उंचीवर छप्पर नव्याने घालणं’ परवानगीतून मोकळं ठेवलं आहे.

आता तिन्ही शेजारी-शेजारी ठेवा. एक म्हणतो साहित्य तेच हवं. दुसरा म्हणतो रूप तेच हवं. तिसरा म्हणतो माप तेच हवं. ॲरिस्टॉटलने ‘आत्म्याविषयी’ या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात घराचंच उदाहरण घेतलं आहे. एक जण घराची व्याख्या वारा-पाऊस-उन्हापासून आसरा अशी करील, दुसरा दगड-विटा-लाकडं अशी करील, तिसरा म्हणेल, त्या साहित्यात त्या हेतूसाठी आलेलं रूप. आम्ही हे प्रकरण कित्येक वर्षं शिकवलं. नियमपुस्तकांत त्याच्याशी पुन्हा गाठ पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

पण का?

घर आमचं, जागा आमची, पैसे आमचे. मग कौल घातलं काय आणि पत्रा घातला काय, दुसऱ्याचं काय जातं? हा प्रश्न रास्त आहे. त्याला ‘नियम आहे म्हणून’ असं उत्तर देणं आम्हाला तरी पटत नाही.

आधी वजनाचं बघू. मंगलोरी कौलांचं छप्पर रिपांसकट दर चौरस मीटरला ढोबळमानाने ६५ किलो भरतं. त्या जागी पाच इंची स्लॅब टाकला तर ३०० किलोंच्या वर जातं. चाळीस चौरस मीटरच्या घरावर आधी अडीच टनांच्या आसपास भार होता, तो साडेबारा टन होतो. भिंत मातीची किंवा चुन्यातली असेल तर तिला हे कोणी विचारलं? स्लॅब कोसळला की तो फक्त मालकावर कोसळत नाही.

मग हलकं छप्पर घालावं? पत्रा तर काही किलोंचाच असतो. पण हलक्याला वारा उचलतो. वारा छपराला वरून दाबतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात उतारावरून जाताना तो बऱ्याचदा छप्पर वर ओढतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा ज्यांनी ते पाहिलं त्यांना पत्रा उडतो म्हणजे काय हे सांगायला नको. उडालेला पत्रा दुसऱ्याच्या अंगणात पडतो.

आगीचंही तसंच. याच १८८८ च्या कायद्यात आणखी एक कलम आहे, ३४९. छप्पर किंवा बाहेरची भिंत गवत, पानं, चटया, कापड अशा पेट घेणाऱ्या वस्तूंची परवानगीशिवाय करू नये. १८०३ साली मुंबईच्या किल्ल्यात भयंकर आग लागली होती. दाटीच्या शहरात एकाचं छप्पर पेटलं की आळी पेटते, हे या शहराला माहीत होतं.

आणि उंची. उंची म्हणजे शेजाऱ्याचा उजेड आणि वारा. उतार म्हणजे तुमच्या पागोळ्यांचं पाणी कोणाच्या दारात पडणार, हे.

म्हणजे साहित्य, भार, माप, रूप ही कायद्याने उगाच निवडलेली लक्षणं नाहीत. या प्रत्येक ठिकाणी आपलं घर फक्त आपलं राहत नाही. भिंतीला आतून कुठला रंग लावता हे कोणी विचारत नाही, कारण तो बाहेर जात नाही. छप्पर मात्र चारी बाजूंनी बाहेर जातं. परवानगी मागायची ती मालकी सरकारला दिली म्हणून नाही. या लोकांना आपण एकेक करून विचारायला जात नाही, म्हणून त्यांच्या वतीने कोणीतरी नकाशा बघतं.

आमची चूक

हे सगळं आता शहाणपणाने सांगतोय. आम्ही स्वतः काय केलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आमच्या वडिलांनी १९५६ साली मुंबईच्या एका उपनगरात बैठं घर बांधलं. दोन खोल्या, पडवी, वर मंगलोरी कौलं. १९८४ च्या पावसाळ्यात ते फार गळलं. पुस्तकं भिजली. एक मिस्त्री आला, म्हणाला, “मास्तर, दरसालची कटकट कशाला? पत्रा टाकू. आणि भिंत दोन फूट चढवू, पोटमाळा होईल. पुस्तकं वर टाका. कोणाला विचारायचं नाही, दोन रात्रींत करून देतो.” आम्ही हो म्हटलं. त्या वर्षी आम्ही पदवीच्या वर्गाला नीतिशास्त्र शिकवत होतो.

शेजारी माई राहायच्या. त्यांच्या स्वयंपाकघराची एकच खिडकी, आमच्या बाजूची. आमची भिंत वर गेली आणि तिचा उजेड गेला. माई भांडल्या नाहीत. बऱ्याच महिन्यांनी ताकाचा गडू परत द्यायला आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, “भाऊ, हल्ली दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो हो.” आम्ही काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. काही दिलंच नसावं.

पुढे तीस-पस्तीस वर्षांनी पत्रा गंजला, जागोजागी भोकं पडली. बदलायचं ठरलं. या वेळी सौ. म्हणाल्या, “आधी विचारा तरी, काय लागतं ते.” आम्ही वॉर्ड ऑफिसात गेलो आणि मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं, “त्याच साहित्याने छप्पर बदलायचं आहे. पत्र्याच्या जागी पत्रा.”

टेबलावरच्या तरुण अभियंत्याने घरपट्टीचा जुना उतारा मागितला. १९६१-६२ चा. त्यात लिहिलं होतं, तळमजला, कौलारू. त्याने उतारा बघितला, आमच्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, “सर, ‘तेच साहित्य’ म्हणजे कुठलं?”

आम्ही गप्प. हे परीक्षेत आम्ही विचारायचं, आम्हाला कोणी विचारायचं नाही.

इथे एक तारीख सांगतो, मुंबईत जुनं घर असलेल्यांनी लिहून ठेवा. १७ एप्रिल १९६४. या तारखेआधीपासून असलेली निवासी बांधकामं, मंजूर नकाशा नसला तरी, पालिका सहन करते. सहन करते म्हणजे मंजूर झाली असं नव्हे. नुसती पाडत नाही. आणि जे सहन करते ते त्या वेळच्या रूपात, त्या वेळच्या मापात. म्हणजे कागदावर एक घर होतं, कौलारू आणि दोन फूट बुटकं. जमिनीवर दुसरंच होतं. पस्तीस वर्षं आम्ही ज्या घरात राहिलो, त्या घराला कागदावर अस्तित्वच नव्हतं. त्याला कलम ३५१ खाली नोटीस आली असती, ‘हे बांधकाम का पाडू नये याचं कारण दाखवा’, तर दाखवायला आमच्याकडे कारण नव्हतं.

बाहेर एक गृहस्थ भेटले. म्हणाले, सर, कशाला डोक्याला ताप, पत्रा बदलून घ्या, बाकीचं मी बघतो. आकडाही सांगितला. खरं सांगतो, एक रात्र आम्ही विचार केला. मग माईंचा दिवा आठवला.

आता हॉब्जचा पेच. १९८४ ला उतरवलेली कौलं आम्ही टाकली नव्हती. परसात आंब्याखाली रचून ठेवली होती. शेवाळ धरलेली, पण मोजली तर निम्म्याहून अधिक धड होती. आम्ही ठरवलं, भिंत दोन फूट उतरवायची आणि कौलं परत चढवायची. उंची कमी करणं हासुद्धा मापातला बदलच, म्हणून परवानाधारक तज्ज्ञाकडून नकाशा, संरचना अभियंत्याकडून भिंतींची तपासणी, रीतसर नोटीस, सगळं केलं. दोन पावसाळे ताडपत्रीखाली काढले. पोटमाळा गेला, त्यातली पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयाला दिली. ते जड गेलं.

काम पूर्ण झालं त्या दिवशी माईंच्या सूनबाईंनी खिडकी उघडली. त्या म्हणाल्या, “काका, या खिडकीतून ऊन येतं हे मला माहीतच नव्हतं.” माईंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

कामाच्या गोष्टी

आता ज्यांना येत्या उन्हाळ्यात छप्पर बदलायचं आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात.

पहिलं, एकही कौल हलवण्याआधी घर मोजून घ्या. जोत्यापासून वळचणीपर्यंतची उंची, आढ्याची उंची, लांबी-रुंदी. तारखेसकट फोटो, चारी बाजूंनी आणि आतून. जुनं छप्पर उतरलं की ते कसं होतं याचा साक्षीदार संपतो. ‘तेच घर’ असल्याचा पुरावा घर स्वतः देत नाही, आठवण आणि कागद देतात.

दुसरं, कागद जमवा. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, घरपट्टीचा जुना उतारा, पूर्वीचा मंजूर नकाशा असेल तर तो. कागदावरचं घर आणि जमिनीवरचं घर ताडून बघा. फरक असेल तर तो आधी तुम्हाला कळू दे.

तिसरं, तुमचं नियोजन प्राधिकरण कोण ते शोधा. महानगरपालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायत की आणखी कोणी. मुंबई आणि काही ठिकाणं सोडली तर डिसेंबर २०२० पासून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. वारसा यादीतलं घर असेल, किंवा किनारपट्टीच्या नियमांत येणारं असेल, तर वेगळी संमती लागते.

चौथं, तेच साहित्य, तीच उंची, तेच आधार असतील तरी कार्यालयाला एक साधं पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. उद्या कोणी तक्रार केली तर ती पोच कामी येते. पत्रा, स्लॅब, उंची, पोटमाळा यांपैकी काही बदलत असेल तर मिस्त्रीच्या शब्दावर जाऊ नका. परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंता गाठा.

पाचवं, हे काम मे महिन्यात सुरू करू नका. दिवाळीनंतर अर्ज करा. पाऊस दारात आला की माणूस कशालाही हो म्हणतो, आम्ही म्हटलं तसं.

आणि परवानगीने काय मिळत नाही तेही ऐका. तिने मालकी सिद्ध होत नाही. भाऊबंदकीचा दावा मिटत नाही. आणि मिस्त्रीने खिळे नीट ठोकलेत याची हमी मिळत नाही. ते आपल्यालाच बघायचं आहे.

प्रश्नोत्तरं

एका भगिनींचा प्रश्न आला आहे, अर्ज केला आणि कोणी उत्तरच दिलं नाही तर?

१९६६ च्या कायद्यात कलम ४५ खाली साठ दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. पण अट अशी की काम नियमांत बसणारं असलं पाहिजे. कार्यालयाने मधे काही कागद मागवले, तर तुम्ही ते दिल्यापासून दिवस मोजायचे. तेव्हा गप्प बसून साठावा दिवस उजाडायची वाट बघण्यापेक्षा तिसाव्या दिवशी एक पत्र द्या. नकार आला तर कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येतं. त्याला ४० दिवसांची मुदत आहे, ती चुकवू नका.

दुसरा प्रश्न सोसायटीत राहणाऱ्या गृहस्थांचा आहे. वरच्या मजल्यावर गळतं, गच्चीवर स्वतःच्या खर्चाने पत्र्याची शेड टाकू का?

गच्ची सगळ्यांची असते, आणि तिची गळती दुरुस्त करणं हे आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीचं काम आहे. तेव्हा आधी सोसायटीला लेखी कळवा. पावसाळ्यापुरत्या शेडला तात्पुरती परवानगी मिळते. पाऊस संपला की ती उतरवायची असते. ती कायमची झाली की तुमच्या इमारतीचं रूपही बदललं आणि मापही, आणि मग तेच टेबल, तोच प्रश्न.

आमचा तो विद्यार्थी मागच्या रांगेत बसलेला दिसतोय. बाबा रे, अवयव बदलले तरी अवयवी तोच का, याचा निकाल अडीच हजार वर्षांत लागला नाही. आजही लागणार नाही. पण छपराच्या बाबतीत आम्ही एक साधी कसोटी ठेवली आहे. नवं छप्पर घातल्यावर शेजारच्या घरात जाऊन बसायचं, दुपारच्या वेळी, दिवा न लावता.

पुढच्या वेळी सामाईक भिंतीबद्दल बोलू.